ऑशकॉश : विमानं इथे घरी बनतात!

विमान म्हटलं की आपल्याला काय आठवतं? एअरपोर्टवरची लांबलचक रांग, विंडो सीटसाठीची मारामारी आणि ट्रेमधलं थंडगार सँडविच. पण अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ऑशकॉश नावाचं एक गाव आहे. जुलैच्या अखेरीस तिथे जा. 'कुठल्या एअरलाइनने आलात?' असं तुम्हाला कोणी विचारणार नाही. 'विमान स्वतः बांधलंत का?' हाच इथला पहिला प्रश्न!

पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये घरी विमानं बांधणाऱ्या हौशी मंडळींची संघटना काढली... एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन, म्हणजेच ईएए. १९७० पासून तिचा मेळा ऑशकॉशला भरतो. दहा हजारांच्या आसपास विमानं आणि हल्ली साडेसहा लाखांहून जास्त माणसं. थेट वारीचाच माहोल! विमानाच्या पंखाखाली तंबू ठोकून कुटुंबंच्या कुटुंबं झोपलेली असतात. चीज कर्ड्सची पुडी हातात घेऊन मी दोन दिवस नुसती भटकले. तिसऱ्या दिवशी शीट मेटलच्या वर्कशॉपमध्ये शिरले आणि तिथेच रमले.

इथला पहिला धडा इंजिनचा नसतो. तो असतो पत्रा कापण्याचा.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? आपल्या गल्लीतला फॅब्रिकेटर खिडकीचं ग्रिल कापतो, ठिणग्या उडतात, दोन मिनिटांत काम फत्ते. बरोबर आहे, पण ग्रिल उडत नाही ना! विमानाचा पत्रा प्रत्येक उड्डाणात थरथरतो, ताणला जातो, पुन्हा सैल होतो. कडेवर केसाएवढी खाच राहिली तरी सगळा ताण तिथे एकवटतो आणि हळूहळू चीर धावू लागते. थोडक्यात, पत्रा कशाने कापला यावर चीर कुठून सुरू होईल हे ठरू शकतं.

लाल डावी, हिरवी उजवी

टेबलावर तीन कात्र्या होत्या. पिवळ्या मुठीची सरळ कापायला, लाल मुठीची डावीकडे वळायला, हिरवी उजवीकडे. 'विमानाच्या पंखांवरचे दिवे आठव,' शिकवणारे सत्तरीतले काका म्हणाले. डाव्या पंखावर लाल, उजव्यावर हिरवा. झालं पाठ!

कात्रीने रेघेवर कापायचं नाही, थोडं बाहेरून कापायचं. मग कानस घेऊन रेघेपर्यंत यायचं. रेघही शिसपेन्सिलीने मारायची नाही, कारण ग्राफाइटमुळे अॅल्युमिनियम गंजायला लागतं. मार्कर वापरायचा. शेवटी कड गुळगुळीत करायची ती स्कॉचब्राइटच्या चाकावर. हो, आपण भांडी घासतो तेच स्कॉचब्राइट!

मग ग्राइंडर का नको? अॅल्युमिनियम मऊ असतं, ते दगडाच्या छिद्रांत जाऊन बसतं. दगड तापतो आणि फुटूही शकतो. शिवाय अॅल्युमिनियमची बारीक पूड आणि लोखंडाच्या ठिणग्या एकत्र आल्या की आगीला आमंत्रणच. डोळ्यांवर गॉगल हवाच, पण फिरत्या ड्रिलपाशी हातमोजे घालायचे नाहीत. मोजा अडकला तर हातही आत ओढला जातो.

झटपटची किंमत

मग लेझर? वॉटरजेट? वॉटरजेटमध्ये उष्णता जवळजवळ नसते, म्हणून तो बऱ्याच जणांचा आवडता. फक्त नंतर कड घासून घ्यावी लागते. लेझरची गोष्ट मात्र इथे जरा हळू आवाजात सांगतात.

व्हॅन्स एअरक्राफ्ट ही ओरेगॉनची कंपनी म्हणजे घरगुती विमानांच्या किटमधलं सगळ्यात मोठं नाव. मागणी वाढली तेव्हा त्यांनी काही पत्रे पंच प्रेसऐवजी लेझरवर कापून घेतले. लेझर भोक पाडताना जिथे सुरू होतो आणि थांबतो, तिथे काही भोकांवर बारीकशी खाच राहिली. रिव्हेटचं डोकं बसवायला भोकाभोवती खळगा पाडला की नेमकी तिथेच चीर दिसू लागली. २०२३ मध्ये हे प्रकरण गाजलं. चाचण्यांनंतर बहुतेक भाग वापरण्याजोगे आहेत असं कंपनीने सांगितलं, तरी ग्राहकांना बदली भाग देऊ केले. हा खर्च आणि इतर अडचणी मिळून डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीला दिवाळखोरीचं संरक्षण मागावं लागलं. २०२४ मध्ये ती त्यातून बाहेर आली.

दोष लेझरचा एकट्याचा नाही. त्या धातूला, त्या जागी, तो चालेल का, हे आधी तपासून पाहायला हवं.

संध्याकाळी एका जोडप्याने त्यांचं विमान दाखवलं. आत मोठ्या अक्षरांत 'एक्सपेरिमेंटल' आणि प्रवाशासाठी इशारा : हे विमान हौशी माणसाने बांधलेलं आहे, नेहमीच्या विमानांचे सुरक्षा नियम त्याला लागू नाहीत. मागच्या सीटवर त्यांच्या लेकीचा टेडी बेअर. 'प्रत्येक भोकावरून बोट फिरवलंय,' ती बाई म्हणाली, 'कारण ती मागे बसते.'

आणि कांदिवलीची गच्ची

हे वेड फक्त अमेरिकनांचं नाही, बरं का. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते बीकेसीमध्ये लोकांनी पाहिलं आणि २०१७ मध्ये डीजीसीएने त्याची नोंदणी केली.

ऑशकॉशला जाऊन तुम्ही विमान बांधायला घ्यालच असं नाही. पण एक पट्टी कापून, घासून, तिच्या कडेवरून अंगठा फिरवून बघा. माझी पट्टी तीनदा परत आली. चौथ्यांदा काका म्हणाले, 'आता उडेल.'

जायचंय?
मेळा : जुलैच्या शेवटी, आठवडाभर.
कसं जाल : शिकागोहून गाडीने साधारण तीन तास, मिलवॉकीहून दीड तास.
राहायला : हॉटेल्स लवकर भरतात, तंबू हा बेस्ट ऑप्शन.
इतर वेळी : ईएएचं म्युझियम.
पायात : मजबूत बूट. वर्कशॉपमध्ये चपला नकोत!