शिंपल्याची शिल्लक

गोव्यातील आमच्या वडिलोपार्जित घराच्या माजघराची खिडकी परवा सुताराने उतरविली, आणि तिच्या चौकटीतले शिंपल्याचे एक जुने तावदान हाती घेताच पापुद्र्यापापुद्र्यांनी सुटत गेले. त्या तावदानांतून झिरपणाऱ्या दुधाळ उजेडात आई विळीवर तिसऱ्यांची एकशिपी करीत बसे. काचेच्या बांगड्यांखेरीज तिचे मनगट रिकामे असे, एवढेच मला राहून राहून आठवते.

स्वातीच्या थेंबाचा मोती होतो, हे आपल्या कवींनी इतक्या वेळा सांगून ठेवले आहे, की सारे श्रेय आकाशाच्या दप्तरी जमा झाले आणि शिंपल्याच्या आत राबणाऱ्या मऊ जिवाची नोंद कोणी घेतलीच नाही. ही तक्रार माझ्या मनात फार दिवसांची आहे. त्या जिवाच्या अंगाभोवती प्रावार नावाचा पातळ पडदा असतो. पडदा आणि कवच यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत तो प्रथम प्रथिनांचे सूक्ष्म जाळे विणतो, आणि पाण्यातून मिळविलेल्या चुन्याचे स्फटिक त्या जाळ्याच्या आधाराने घडवितो. द्रव्य एकच, कॅल्शियम कार्बोनेट. पण आमच्या तावदानांत ते कॅल्साइटच्या लांबट पात्यांनी रचलेले, तर मोत्याच्या शिंपल्याच्या अस्तरात ॲरागोनाइटच्या, मिलिमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतक्या जाडीच्या चकत्यांनी. शेकडा पाचांच्या आसपास असलेले ते जाळे तिथे भेगेला सहजासहजी पुढे सरकू देत नाही. मोतीही ह्याच अस्तराचा.

१७०९ साली रेओम्यूर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने गोगलगायींच्या कवचाचा तुकडा काढून, भोकाखाली पातळ कातडे सरकवून पाहिले. नवे कवच कातड्याच्या आतल्या बाजूस, अंगालगत धरले. कवच आपणहून वाढत नाही, शरीर ते स्रवते, हे त्यावरून सिद्ध झाले. शिंपल्यालाही हाच न्याय लागू: वाढ कडेला होते, आणि बालपणीचे इवले कवच बिजागरीपाशी तसेच राहते.

आणि तरीही ही मिळकत अबाधित नसते. ओहोटीने उघडा पडलेला, किंवा पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडे झाल्यामुळे मिटून बसलेला शिंपला आतला प्राणवायू संपला की प्राणवायूवाचून तग धरू लागतो; शरीरात आम्ले साचतात, आणि तेव्हा तो आपल्याच कवचाचे आतले अस्तर थोडेथोडे विरघळवून, त्या चुन्याने त्यांचा दाह शमवितो. हे प्रथम वाचले तेव्हा आईचे ते मनगट माझ्या डोळ्यांपुढे आले. शेत बुडाले त्या वर्षी तिच्या पाटल्या सावकाराकडे गहाण पडल्या, त्या परत आल्या नाहीत, आणि आम्हा भावंडांची शाळा मात्र एक दिवसही खंडित झाली नाही.

कणाकणाने जे अंगावर चढविले, तेच निकडीच्या काळी मोडून जीव तगविणे, ह्या व्यवहाराला मी मोत्याहून श्रेष्ठ मानतो. आणि स्वातीच्या थेंबावर ज्यांनी इतके श्लोक रचले, त्यांनी एखादा तरी ह्या मिटलेल्या जिवासाठी राखून ठेवायला हवा होता.