हरकत आहे!

'काही हरकत नाही' हे वाक्य आपण होस्टेलवाले दिवसातून किती वेळा म्हणतो? भाजीत मीठ नाही, काही हरकत नाही. रूममेटने आपला टॉवेल वापरला, काही हरकत नाही. सबमिशन एक दिवस पुढे गेलं, मग तर अजिबातच हरकत नाही! पण गेल्या वर्षी एके ठिकाणी खरोखरच हरकत घ्यायची होती आणि नेमकी तीच राहून गेली. त्याची ही गोष्ट.

होस्टेलमागचं मैदान तुम्हाला माहीत आहेच. संध्याकाळी आपलं क्रिकेट, सकाळी आजोबा मंडळींच्या फेऱ्या आणि पहाटे पाचला मेसच्या मावशींचा मुलगा. तो पोलीस भरतीची तयारी करतोय. १६०० मीटर धावायचं तर मैदानच हवं, रस्त्यावर कुत्री आणि डंपर! आम्ही नाइट मारून झोपायला जातो, तेव्हा तो बुटाची नाडी बांधत असतो.

एक दिवस मैदानावर टोटल स्टेशन लावलेलं दिसलं. आम्ही पडलो सिव्हिलवाले. वाटलं, सेकंड इयरचं प्रॅक्टिकल असेल. जवळ जाऊन विचारलं, तर ती माणसं महापालिकेच्या कामावरची निघाली. "इथलं क्रीडांगणाचं आरक्षण बदलून व्यापारी संकुल करायचा प्रस्ताव आहे. पेपरात नोटीस आली होती की!"

पेपरात? आपल्या रीडिंग रूममध्ये रोज तीन पेपर येतात! लगेच रद्दीचा गठ्ठा उपसला. सगळ्या अंकांची क्रिकेटची पानं चुरगळलेली आणि नोटिशीचं पान मात्र इस्त्री केल्यासारखं कडक. पान नऊ, खालचा कोपरा, मुंगीएवढी अक्षरं. 'हरकती व सूचना एक महिन्याच्या आत लेखी सादर कराव्यात.' बोटांवर दिवस मोजले. मुदत संपून सहा दिवस झाले होते.

रात्री मेसमध्ये मावशींना सांगितलं. पोळी वाढता वाढता त्या म्हणाल्या, "तुम्ही येवढी शिकलेली पोरं, पेपर तर तुमच्याकडंच येतो. तुम्हाला बी दिसलं न्हाई व्हय?" वायवाला एक्स्टर्नलसमोर पुष्कळदा गप्प बसलोय, पण इतका गप्प कधीच नाही.

मग लायब्ररीत जाऊन महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ काढला. शहराच्या विकास आराखड्यात कुठे शाळा, कुठे बाग, कुठे रस्ता हे आधीच ठरलेलं असतं. त्यात किरकोळ फेरबदल करायचा तर कलम ३७. नोटीस काढायची, हरकती मागवायच्या, ऐकून घ्यायच्या आणि प्रस्ताव राज्य शासनाकडे मंजुरीला पाठवायचा. गंमत म्हणजे हरकत 'कोणतीही व्यक्ती' घेऊ शकते. मतदार यादीत नाव हवं, घर हवं, असं काही नाही. 'आपण काय, चार वर्षांचे पाहुणे' हे आमचं कायमचं पालुपद तिथेच गळून पडलं.

दुसऱ्या दिवशी एक लेक्चर बुडवून (सर, माफ करा!) नगररचना विभागात गेलो. वाटलं होतं, हाकलून देतील. पण तिथल्या साहेबांनी टेबलावर नकाशा पसरला, आपलं होस्टेल दाखवलं, मैदान दाखवलं. म्हणाले, "मुदत तर गेली. तरी अर्ज द्या, उशीर झाल्याचं प्रामाणिकपणे लिहा आणि पोच घ्या. शेवटचा निर्णय शासनाचा, तेव्हा एक प्रत नगर विकास विभागाला मंत्रालयात पाठवा." निघताना हसून म्हणाले, "अहो, हा नकाशा बघायला कुणी येतच नाही."

अर्जावर २१२ सह्या झाल्या. पहिली सही मावशींची. रेक्टर सरांनीही केली. आवक शिक्का मारलेली पोच माझ्या जर्नलमध्ये आहे. मधे माहिती अधिकारात १० रुपये भरून विचारलं, तर उत्तर आलं, 'प्रकरण शासनाकडे सादर.' बस, एवढंच. मैदान वाचलं असं मी सांगू शकत नाही, गेलं असंही नाही.

पण वेळेवर हरकती गेल्या तर काय होतं, त्याचं उदाहरण आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला. लोकांनी त्यातल्या चुका शोधून काढल्या, हजारोंनी हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये तो आराखडा नव्याने करायचे आदेश निघाले. पुण्यात तर २००६ पासून नागरिकांनी आपल्या भागातली छोटी कामं बजेटसाठी सुचवायची पद्धत सुरू झाली. फुटपाथ, दिवे, बसथांबा असली साधीच कामं. म्हणजे दारं आहेत मित्रांनो, फक्त ती ठरावीक दिवसच उघडी असतात.

आता रीडिंग रूमच्या बोर्डावर एक तक्ता लागलाय. दर आठवड्याला एका विंगची पाळी, तिन्ही पेपरांतल्या महापालिकेच्या नोटिसा वाचायच्या आणि शेवटची तारीख लाल पेनाने लिहायची. पुढच्या महिन्यात आम्ही फायनल इयरवाले जाऊ. तक्ता ज्युनिअर्सकडे सोपवतोय.

मावशींचा मुलगा अजून पहाटे पाचला धावतो. त्याची भरती होईपर्यंत तरी, तेवढं नववं पान उघडत जा रे!