बोटांना कळायला हवं

आज अपघातातल्या जखमींवरच्या उपचारांच्या प्रशिक्षणात पुतळ्याच्या छातीत नळी घालायचा सराव केला. पाचव्या आणि सहाव्या बरगडीमधली जागा चाचपायची, खालच्या बरगडीच्या वरच्या कडेने शिरायचं. कारण रक्तवाहिन्या आणि नस प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला असतात. मग बोट आत फिरवून फुप्फुस चिकटलेलं नाही ना, ते पाहायचं. हे नुसतं वाचून येत नाही.

या शिक्षणामागे एका बापाचं दुःख आहे. १९७६मध्ये नेब्रास्कात डॉ. जेम्स स्टायनर यांचं विमान कोसळलं. पत्नी गेली, मुलं जखमी झाली. तिथल्या रुग्णालयातले विस्कळीत उपचार पाहून त्यांनी सहकाऱ्यांसह उपचारांचा क्रम बसवला: आधी श्वासमार्ग, मग श्वसन, मग रक्ताभिसरण. १९७८मध्ये या प्रशिक्षणाचा पहिला अभ्यासक्रम झाला.

महामार्गालगतच्या ग्रामीण रुग्णालयातल्या प्रत्येक डॉक्टरला हा सराव मिळायलाच हवा. अपघातातला जखमी आधी त्यांच्याच दारात येतो.