कोऱ्या खोलीतला वेग

डेबियनची पॅकेजं बांधणं हा माझा छंद. झाशीत, रात्री, वीज असेल तेव्हा. डेबियन ही १९९३ साली सुरू झालेली मुक्त संगणकप्रणाली. जगभरातले स्वयंसेवक ती चालवतात. कुणी लिहिलेला प्रोग्रॅम किंवा फॉन्ट घ्यायचा आणि तो कुणाच्याही संगणकावर एका आज्ञेत बसेल असा बांधायचा, एवढंच हे काम. मी सरावासाठी पुन्हा पुन्हा बांधतो ते लोहित देवनागरी या फॉन्टचं पॅकेज.

हे काम रोजच्या वापराच्या संगणकावर उघड्यावर करायचं नसतं. तिथे वर्षानुवर्षांचं सामान साचलेलं असतं. बांधताना पॅकेज त्यातलं काहीतरी गुपचूप वापरतं. माझ्याकडे सगळं नीट होतं, दुसऱ्याकडे मोडतं. म्हणून संगणकाच्या आत एक कोरी खोली करायची. तिचं मूळ १९७९च्या सातव्या युनिक्समधल्या ‘सीएचरूट’ या सोयीत आहे: प्रोग्रॅमला एक फोल्डर दाखवायचा आणि सांगायचं, हेच तुझं जग. खोलीत नेमकं गरजेचं तेवढं असतं. बाकी जे लागेल ते पॅकेजनं यादीत नावानिशी मागायचं. काम झालं की खोली मोडून टाकायची.

खोल्या करण्याच्या तऱ्हा अनेक, आणि त्यांच्या वेगाची तुलना करत बसणं हा आम्हा मंडळींचा आवडता उद्योग. ‘पीबिल्डर’ दर वेळी एक गाठोडं सोडून पहिल्यापासून खोली मांडतो. ‘काउबिल्डर’ सामानाच्या नकला काढत नाही, मूळ वस्तूकडेच बोट दाखवतो. वस्तू बदलायची वेळ आली तरच तेवढीची नक्कल करतो. ‘एसबिल्ड’ डेबियनच्या स्वतःच्या बांधणी-यंत्रांवर चालतो. घड्याळ लावून बसलं की एक गोष्ट लक्षात येते: छोट्या पॅकेजच्या बाबतीत प्रत्यक्ष बांधणीला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो खोली मांडण्यात आणि यादीतलं सामान आणून बसवण्यात.

तो वेळ वाचवण्याची एक युक्ती मला फार आवडते. सामान बसवताना संगणक घडोघडी थांबून खात्री करून घेतो की लिहिलेलं खरोखर डिस्कवर उतरलं आहे. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे या थांबण्याची किंमत मला ठाऊक आहे. पण खोली घटकाभरानं मोडायचीच असेल, तर तिथे एवढी जपणूक कशाला? ‘ईटमायडेटा’ नावाचा छोटा प्रोग्रॅम ही खात्रीची आज्ञा मुकाट्यानं गिळून टाकतो. कुणी अख्खी खोलीच मेमरीत मांडतं. दोन्हींनी वेग वाढतो आणि पॅकेज तेच राहतं. वेग वाढवायची तिसरीही वाट आहे, खोलीचं दार किलकिलं ठेवून घरातलं सामान आत येऊ द्यायची. ती मात्र खोटी. तिथे मिनिटं वाचतात, पण तुलनेला अर्थ उरत नाही.

आमच्या मराठीचंही असंच आहे. ती अठराव्या शतकात मराठ्यांच्या सुभेदारांबरोबर इथे आली. १८५४ साली कंपनीनं झाशी संस्थान खालसा केलं, १८५८ साली राणीही गेली. काही घरांत भाषा राहिली. घरी आम्ही भराभर बोलतो, कारण सगळं हाताशी पडलेलं असतं. भाजीला ‘सब्जी’, मधेच बुंदेली, कुणी अडत नाही. पुण्यात नातेवाइकांकडे गेलो की तीच मी, तीच भाषा, पण वेग निम्मा. एकेक शब्द आणून बसवावा लागतो. आत्या हसून म्हणते, “तुमची मराठी हिंदीवर चालते गं.”

पूर्वी मला हे लागायचं. कोऱ्या खोलीशी संबंध आल्यावर लागेनासं झालं. कारण ती खोली शुद्धतेची परीक्षा घेत नाही. उसनं काहीही घ्या, कितीही घ्या, ती आडकाठी करत नाही. फक्त नाव लिहा म्हणते. अवलंबून असणं हा तिथे दोष नाही, न सांगता अवलंबून असणं हा आहे. झाशीची मराठी हिंदी आणि बुंदेली यांच्या आधारानं उभी आहे. तो आधार काढून घेतला तर ती कोसळेल, आणि यादीत नोंदवला तर ती पुरी आहे.

फॉन्टही हेच करतो. हिंदी वळणाचा ‘ल’ आणि मराठी वळणाचा ‘ल’ एकाच फॉन्टमध्ये ठेवता येतात. मजकूर मराठी आहे असं कुणी सांगितलं, तरच त्यातला मराठी ‘ल’ बाहेर येतो.