दुसऱ्या खेपेचं शिक्षण

भाताच्या आवणीच्या दिवसांत मावळातल्या एखाद्या वाडीवर आरोग्य शिबिर लागलं, की कितीतरी बायाबाप्ये आधी पाय पुढे करतात. बोटांच्या बेचक्यांत पांढरी पडलेली, सोललेली कातडी. खाज आणि आग. चिखल्या. अशा शिबिरांत मी केसपेपर लिहायला बसतो, त्यामुळे हे पाय जवळून दिसतात, आणि ते तपासणारी वैद्यकीय कॉलेजची पोरंही.

नाणे मावळात एका मुलानं आजींना सांगितलं, "पाय कोरडे ठेवा." आजी म्हणाल्या, "बाळा, मग आवणी कोण करील?"

पुस्तकातला सल्ला चुकीचा नव्हता. त्यात इथला पावसाळा धरलेला नव्हता, इतकंच. मुलगा थोडा थांबला. घरी किती वाजता येता, पाय कुठे धुता, रात्री कुणी मलम लावून देईल का, हे त्यानं विचारलं. मग सांगितलं: संध्याकाळी स्वच्छ पाण्यानं पाय धुवा, बेचक्या फडक्यानं कोरड्या करा, निजताना मलम लावा. आजींनी मान हलवली. मलम तेच होतं, पण सल्ला आता आजींचा झाला होता.

तळेगाव दाभाड्यात मायमर वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याचं मोठं रुग्णालय आहे. आंदर मावळातून, पवन मावळातून तिथे येणारा पेशंट दिवसाची मजुरी बुडवून आलेला असतो. खाटेजवळ उभं राहून हे कळत नाही. रक्तवाढीची गोळी बाई चहाबरोबर घेते आणि चहामुळे त्यातलं लोह नीट अंगी लागत नाही, हे तिच्या चुलीजवळ बसलं तरच ध्यानात येतं. रक्तदाबाची गोळी डोकं दुखेल त्याच दिवशी घ्यायची असते, अशी समजूतही ओट्यावरच्या गप्पांतच बाहेर पडते.

शिकणाऱ्या मुलांनी पेशंट तपासायचा, तर मागे जाणतं माणूस हवं. अमेरिकेत वैद्यकीय विद्यार्थी ज्येष्ठ डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोफत दवाखाने चालवतात. आपल्याकडच्या शिबिरांतही मागे अनुभवी डॉक्टर असतो, आणि तो असलाच पाहिजे. गरिबाच्या अंगावर हात बसवून घेणं म्हणजे सेवा नव्हे. विद्यार्थी इथून खूप काही शिकून जातो, आणि ते ऋण फेडायचा मला एकच मार्ग दिसतो: परत येणं.

1969 साली सुरू झालेल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेनं हे फार पूर्वी ओळखलं. तिथली प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, सुरुवातीला पंधरा दिवस तिथे राहते आणि पुढेही जात राहते. 2022 पासून राष्ट्रीय वैद्यक आयोगानं देशभरच्या एमबीबीएसच्या मुलांसाठी पहिल्या वर्षापासून कुटुंब दत्तक योजना आणली. मला ती मनापासून पटते, कारण एका दिवसाच्या शिबिरात वाढलेला रक्तदाब सापडतो, हातावर महिन्याच्या गोळ्या पडतात आणि बॅनर उतरतो. गोळ्या संपल्यावर काय, याचं उत्तर त्या दिवशी कुणाजवळच नसतं.

दुसऱ्या खेपेला ते द्यावं लागतं. आपण सांगितलेलं जमलं का, नाही जमलं तर कशात अडलं, हे माणसाच्या तोंडावर विचारायला धीर लागतो आणि ऐकून घ्यायला त्याहून अधिक. हा धीर विशीतच अंगी मुरला, तर पुढे कितीही मोठ्या इस्पितळात गेला तरी तो डॉक्टर पेशंटला आधी त्याचा दिवस कसा जातो हे विचारील. म्हणून शिबिराचं टेबल आवरण्याआधी पुढची तारीख गावाला सांगितली जावी, आणि त्या तारखेला तीच मुलं यावीत.