दोन कान आणि एक तोंड

जगात माणसांचे दोन प्रकार असतात. विजेच्या वस्तूला हात घालणारे आणि 'जरा बघता का?' म्हणून दुसऱ्याला घालायला लावणारे. वाणिज्य शाखेचा पदवीधर हा जन्मतः दुसऱ्या प्रकारातला. विजेशी आमचा व्यवहार बिलापुरता, आणि तोही शेवटच्या तारखेला. त्यामुळे आमच्या कन्येनं इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला नाव घातलं, तेव्हा आमच्या घराण्यात पहिल्यांदाच वीज चमकली. पुढे घरभर रेझिस्टर सापडू लागले. तांदूळ निवडताना सौ.ला रंगीत पट्ट्यांचा खडा मिळाला, तेव्हा तिनं वाण्याला दोन दिवस नावं ठेवली.

एका रविवारी कन्येनं माझ्या तळहातावर आठ पायांचा एक काळा किडा ठेवला.

"बाबा, हा ऑपॅम्प. म्हणजे ऑपरेशनल अँप्लिफायर."

"कुणाचं ऑपरेशन?" सौ. स्वयंपाकघरातून धावत आली.

ऑपरेशन म्हणजे गणितातली क्रिया, असा खुलासा झाला. हे नाव १९४७ साली रॅगॅझिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लेखातून रूढ केलं. पूर्वी हे यंत्र काचेच्या व्हॉल्व्हचं असे आणि मोठमोठ्या गणकयंत्रांत बसून बेरजा-वजाबाक्या करी. म्हणजे आमच्याच खात्यातला माणूस! मला एकदम जिव्हाळा वाटू लागला. हातातल्या किड्याचं नाव होतं ७४१. हा १९६८ सालचा, अमेरिकेतल्या फेअरचाइल्ड कंपनीत डेव्ह फुलागार या इंजिनिअरनं घडवलेला. पोटात वीसएक ट्रान्झिस्टर, आणि आज लॅमिंग्टन रोडला किंमत साधारण वडापावाएवढी. एवढ्या वर्षांत बढती नाही, निवृत्ती नाही, तरी काम चालू. जिव्हाळा आणखी वाढला.

"अँप्लिफायर म्हणजे लहानाचं मोठं करणारा ना?" मी विचारलं. "मग ती जास्तीची शक्ती येते कुठून? जमा नसताना खर्च कसा?"

यावर कन्येनं मला खोपोली दाखवली. १९१५ सालापासून टाटांच्या वीजघरात वरच्या तलावांचं पाणी घाटातून कोसळतं आणि मुंबईकडे वीज जाते. खाली झडप फिरवणाऱ्याचा जोर तो किती! पण त्याच्या इशाऱ्यावर अख्खा तलाव जोर करतो. अँप्लिफायर हा तसा झडपवाला. लहानशा खुणेवर तो सप्लायमधून मोठी शक्ती सोडतो. पदरचं काही घालत नाही. कर्जतकरांना हे कळायला अवघड नाही. आमच्याकडे 'बँकर' म्हटलं की लोकांना मी आठवत नाही. बोरघाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटणारी इंजिनं आठवतात. जोर त्यांचा, आणि पोचल्याचं श्रेय गाडीला.

आता या किड्याची खरी गंमत. याला दोन कान आणि एक तोंड. एक कान अधिक, दुसरा उणे. अधिक कानात जे सांगाल ते तोंडातून सरळ निघतं, उणे कानातलं उलटं होऊन निघतं. आणि दोन्ही कानांतल्या बोलण्यात जो फरक असेल, तेवढाच तो सुमारे दोन लाख पटींनी मोठा करून सांगतो.

"दोन लाख?"

"हो. पण प्रत्यक्षात नाही जात तेवढा. सप्लाय पंधरा व्होल्टचा असेल, तर तेरा-चौदावर जाऊन अडकतो. एका व्होल्टच्या हजाराव्या भागाचा फरकसुद्धा त्याला अडकायला पुरतो."

मी किड्याकडे नव्या आदरानं पाहिलं. कारण वीस वर्षं मी हीच नोकरी घरी करतो आहे. माझ्या एका कानाला आई आहे, दुसऱ्याला सौ. आमटीत चिमूटभर मीठ जास्त पडलं की आई एका कानात सांगते, सौ. दुसऱ्या कानात. फरक चिमटीचा, पण माझ्या तोंडाशी येईपर्यंत त्याचं पोतं होतं आणि मी जाऊन अडकतो. अडकलेला ऑपॅम्प काय करतो? काही नाही. मान खाली घालून जेवतो.

मीठ परवडलं. गेली तीन वर्षं आमच्याकडे पावसाळ्याचा प्रश्न होता. आई खालापूरच्या जुन्या घरात एकटी राहते. "घर बंद राहिलं की वाळवी धरते," हा एका कानाचा आवाज. "अहो, रात्री-अपरात्री पाय घसरला तर हाकेला कोण आहे तिथे?" हा दुसऱ्या कानाचा. खालापूरचा पाऊस ज्यानं पाहिलाय, त्याला दुसरं वाक्य खोटं म्हणता येणार नाही आणि जुन्या वाशांचं घर ज्यानं पाहिलंय त्याला पहिलं. दर मे महिन्यात मी एकदा या टोकाला अडके, एकदा त्या.

"याला उपाय काय?" मी विचारलं. माझा प्रश्न किड्याबद्दल आहे अशी कन्येची समजूत होती.

उपाय १९२७ सालचा निघाला. हॅरल्ड ब्लॅक नावाचा बेल लॅबोरेटरीजचा इंजिनिअर सकाळी हडसन नदी ओलांडून कामावर निघाला होता. म्हणजे आमच्यासारखाच अप-डाऊनवाला, फक्त लोकलऐवजी फेरीबोट. टेलिफोनचे अँप्लिफायर आवाज मोठा करताना वेडावाकडा करत. बोटीतच त्याला सुचलं, की तोंडातून निघालेलं थोडं उलट्या खुणेनं पुन्हा आत घालायचं. त्यानं ते हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावरच मांडलं. कर्जत लोकलमध्ये पेपर उघडण्याइतकी जागा असती तर हा शोध नेरळच्या आतच लागला असता. पेटंट मिळायला त्याला १९३७ साल उजाडलं. सरकारी टेबलं सगळीकडे सारखीच.

ऑपॅम्पच्या तोंडापासून उणे कानापर्यंत एक रेझिस्टर जोडला की झालं. तोंड वाजवीपेक्षा जास्त बोललं की उणे कान म्हणतो, 'पुरे!' मग ते दोन्ही कान जवळजवळ सारखे होईपर्यंत मागे येतं. दोन लाखांचे दहाच पट उरतात, पण पक्के. व्याज कमी, ठेव सुरक्षित. हिशोबही कॅशिअरला शोभणारा. एक व्होल्ट दहा हजार ओहममधून आला, म्हणजे आवक ठरली. किड्याच्या खिशात जवळजवळ काही जात नाही. तेवढीच रक्कम पुढे एक लाख ओहममधून गेली, म्हणजे तोंडाशी दहा व्होल्ट, उलट्या खुणेचे. संध्याकाळी कॅश टॅली!

हेच परत आत घालणं सुलट्या खुणेनं झालं तर मात्र शिट्टी वाजते, गणपतीच्या मांडवात माइक कर्ण्यासमोर आल्यावर वाजते तशी. ज्या साहेबाच्या केबिनमध्ये सगळेच 'हो साहेब' म्हणतात, तिथेही ती वाजते. फक्त ऐकू येत नाही.

मी हा रेझिस्टर घरी जोडून पाहिला. आईशी जे बोलायचं ते आधी सौ.ला ऐकवायचं आणि सौ.शी बोलायचं ते आईला. दोन-तीन वेळा 'पुरे!' ऐकल्यावर माझं तोंड दहा पटींवर आलं आणि यंदा निकाल लागला: मृग लागला की आई कर्जतला, गणपती मात्र खालापूरच्याच घरी, आणि मधल्या दर रविवारी मी जाऊन कौलं बघायची. वाळवीही नाराज, म्हणजे निकाल बरा असावा.

परवा कन्येला या किड्याचा एक शेवटचा गुण आठवला. दोन्ही कानांत एकच गोष्ट सारखीच आली, तर तो ती बाहेर पडू देत नाही. फरक शून्य, म्हणून उत्तर शून्य.

मी गप्प झालो. गाडीला उशीर झाला की हल्ली दारात दोघी उभ्या असतात. "जेवलास का रे?" आणि "जेवलात का?" इतक्या वर्षांत दोघींचं तंतोतंत जुळणारं वाक्य हे एकच. आणि नेमकं तेच आत विरून जायचं?

"पूर्ण नाही हं, बाबा," कन्या म्हणाली. "ते आदर्श ऑपॅम्पचं झालं. खऱ्यातून थोडं बाहेर येतंच."

आपण आदर्श नाही याचं इतकं समाधान मला कधी वाटलं नव्हतं.