सड्यावरचा कुत्रा आणि फुरसं

पाऊस सरला की कोकणातल्या सड्यांवरचं गवत पिवळं पडतं, वारा सुटतो आणि कुत्र्याला मोकळं सोडायला याहून चांगली जागा नाही असं वाटतं. इथे पशुवैद्यकी करताना मला धास्ती वाटते ती याच दिवसांची. कातळावरच्या सुट्या दगडांखाली, गडग्यांच्या फटींत फुरसं असतं. लांबी जेमतेम दीड फूट, रंग मातीत मिसळून जाणारा. माणूस पायाखाली बघतो, कुत्रा आधी नाक खुपसतो. म्हणून त्याला दंश होतो तो बहुधा तोंडावर, नाहीतर पुढच्या पायावर.

डिवचलेलं फुरसं वेटोळी एकमेकांवर घासतं आणि करवत चालावी तसा खरखराट होतो. तो ऐकून माणूस थबकतो, कुत्र्याचं कुतूहल मात्र वाढतं. अशा वेळी कामी येतो तो तुमच्या हातातला आखूड पट्टा. लांबवर सुटत जाणारा गुंडाळीचा पट्टा सड्यावर नकोच. ‘सोड’ आणि ‘ये’ हे दोन हुकूम घरी खाऊ देऊन इतके पक्के करा की समोर काहीही असलं तरी कुत्रा मागे फिरेल. गडगा आणि भाताची उडवी यांच्यापासून लांबून चाला. उंदीर तिथे, म्हणून सापही तिथे. दिवेलागणीनंतर बॅटरी हवीच.

दंश झालाच तर कुत्र्याला चालवू नका, उचलून गाडीत ठेवा. तोंड सुजणार, तेव्हा गळपट्टा लगेच काढा. दोरी आवळणं, चिरा देणं, बर्फ लावणं यांतलं काही करू नका. घरातली वेदनाशामक गोळी तर मुळीच देऊ नका. माणसांच्या अशा कित्येक गोळ्या कुत्र्याला घातक असतात आणि काहींनी रक्तस्राव वाढतो.

फुरसं आणि घोणस यांचं विष रक्ताची गोठण्याची ताकदच संपवतं. ते बघायला मी दोन मिलिलिटर रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घेते आणि वीस मिनिटं नळीला हात लावत नाही. मग ती तिरपी करते. गुठळी जागची हलली नाही तर ठीक. रक्त पाण्यासारखं ओघळलं तर प्रतिविष लगेच सुरू. नळी काचेचीच लागते, प्लास्टिकच्या नळीने निकाल फसवा येतो. साबणाने धुतलेलीही चालत नाही. पहिल्यांदा गुठळी झाली म्हणून कुत्र्याला घरी न्यायची घाई करू नका. तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते.

नागाच्या आणि मण्यारीच्या विषाने पापण्या उतरतात, पाय लटपटतात, पुढे श्वास थांबतो. मण्यारीच्या दंशाला सूजही फारशी नसते. आपल्याकडचं प्रतिविष या चारही सापांवर चालतं, पण चापड्यावर नाही. कुत्रा लहान म्हणून मात्रा कमी करता येत नाही, कारण सापाने सोडलेलं विष तेवढंच असतं. उलट लहान अंगात ते लवकर भिनतं.

प्रतिविष प्रत्येक पशुवैद्याकडे असतंच असं नाही. मुंबई-पुण्याहून कुत्रा घेऊन दिवाळीला गावी येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: पोचल्या दिवशीच जवळच्या दोन-तीन दवाखान्यांना फोन करा. प्रतिविषाच्या कुप्या आहेत का, रात्री कोण भेटेल आणि पाडवा-भाऊबीजेला दवाखाना उघडा आहे का, हे विचारून घ्या.